प्रशांत महासागरातील तरुण आणि हवामानाचा कायदा

प्रश्नाचे स्वरूप

वानुआतू हा दक्षिण प्रशांत महासागरातील सुमारे ८० बेटांचा, साधारण तीन लाख वस्तीचा देश. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ या चक्रीवादळाने त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक मोलाची हानी केली. एप्रिल २०२० मध्ये ‘हॅरॉल्ड’ आले आणि मार्च २०२३ मध्ये ‘ज्युडी’ व ‘केव्हिन’ ही दोन वादळे एकाच आठवड्यात येऊन गेली. प्रत्येक वादळाचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. मात्र तापलेला समुद्र वादळांना अधिक ऊर्जा पुरवतो आणि चढलेली समुद्रपातळी त्यांच्या लाटा अधिक आत ढकलते. दुसरीकडे, सर्व प्रशांत द्वीपराष्ट्रांचे एकत्रित उत्सर्जन जगाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याच्या दशांशाइतकेही नाही. या देशांनी आपले उत्सर्जन उद्या शून्यावर आणले, तरी त्यांच्या किनाऱ्यावरच्या पाण्याला फरक पडणार नाही. त्यामुळे इथल्या ‘हवामान कृती’चा मोठा भाग म्हणजे दूरच्या, बलाढ्य देशांचे वर्तन बदलायला लावणे. वानुआतू किंवा सॉलोमन बेटांत निम्म्याहून अधिक लोक पंचविशीच्या आतले आहेत. साहजिकच हे काम तरुणांच्या वाट्याला आले.

पोर्ट व्हिलातील वर्ग

दक्षिण प्रशांत विद्यापीठ अनेक द्वीपराष्ट्रांनी मिळून चालवले आहे. त्याचे मुख्य संकुल फिजीतील सुवा येथे, तर विधी शाखा वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथे आहे. २०१९ मध्ये तिथल्या २७ विद्यार्थ्यांनी एक संघटना स्थापन केली. हे विद्यार्थी एकाच देशाचे नव्हते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. सॉलोमन बेटांचे सॉलोमन येओ आणि सिंथिया हौनिउही, फिजीचे विशाल प्रसाद ही या संघटनेतील परिचित नावे. हवामानबदल रोखण्यासाठी राष्ट्रांवर कोणती कायदेशीर बंधने आहेत, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे, अशी त्यांची मागणी होती. मोर्चे आणि फलक त्यांनीही वापरले. पण परिषदांमध्ये वारंवार होणाऱ्या आवाहनांना कायद्याच्या प्रश्नाचे रूप देणे, हे त्यांचे खरे योगदान.

सल्लागार अभिमत

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालय दोन प्रकारची कामे करते. एक, दोन राष्ट्रांमधील वाद सोडवणे; दुसरे, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसारख्या अधिकृत संस्थेने विचारलेल्या कायदेविषयक प्रश्नावर अभिमत देणे. पहिल्या मार्गात दोन्ही पक्षांनी न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला असावा लागतो आणि ही अट अनेक मोठी राष्ट्रे पाळत नाहीत. दुसऱ्या मार्गात कोणीच प्रतिवादी नसतो. येणारे मत बंधनकारक नसते, पण प्रचलित कायद्याचा अर्थ ते अधिकारवाणीने सांगते. छोट्या देशांना हा मार्ग सोयीचा का, हे यावरून लक्षात येते. मात्र तिथे पोहोचण्यासाठी आमसभेत बहुमत जमवावे लागते. पलाऊ या द्वीपराष्ट्राने २०११ मध्ये असा प्रयत्न केला होता. तो ठरावापर्यंतही पोहोचला नाही.

पत्रापासून ठरावापर्यंत

विद्यार्थ्यांनी प्रशांत द्वीपराष्ट्रांच्या सरकारांना पत्रे लिहिली. ती उचलून धरली वानुआतूने. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी या कल्पनेमागे सरकारचे बळ उभे केले. सप्टेंबर २०२१ मध्ये वानुआतूने अधिकृत घोषणा केली आणि पुढे १८ देशांच्या गटाने ठरावाचा मसुदा घडवला. दरम्यान, अन्य खंडांतील तरुणांची एक जोड संघटनाही उभी राहिली आणि तिचे सदस्य आपापल्या सरकारांकडे पाठपुरावा करू लागले. पलाऊच्या वेळी नव्हती ती गोष्ट हीच. मसुद्यात कोणत्याही देशाचे नाव दोषी म्हणून घेतलेले नव्हते, त्यामुळे विरोधकांना उघड विरोध करणे अवघड गेले. २९ मार्च २०२३ रोजी, ‘ज्युडी’ व ‘केव्हिन’ या वादळांचा ढिगारा अजून उपसला जात असतानाच, आमसभेने मतदानाविना ठराव संमत केला. त्याला १३० हून अधिक देशांचे सहप्रायोजकत्व होते.

सुनावणी

२ ते १३ डिसेंबर २०२४ या काळात ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्थांनी तोंडी बाजू मांडली. पहिल्याच दिवशी बोलणाऱ्यांत सिंथिया हौनिउही होत्या. वर्गात मांडलेल्या कल्पनेच्या बाजूने तीच विद्यार्थिनी पाच वर्षांनी जगाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे उभी राहते, असे क्वचितच घडते. पंधरा न्यायाधीशांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी हेही होते. भारताची भूमिका सावध होती: ऐतिहासिक जबाबदारी विकसित देशांची आहे, आणि विद्यमान करारांपलीकडे न्यायालयाने नवी बंधने निर्माण करू नयेत. त्यातला दुसरा मुद्दा काही श्रीमंत तेलउत्पादक देशांनीही मांडला. अर्थात त्यांची कारणे वेगळी होती.

न्यायालयाचे उत्तर

२३ जुलै २०२५ रोजी अभिमत एकमताने आले. बंधने केवळ हवामान करारांपुरती आहेत, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. रूढ आंतरराष्ट्रीय कायदा, सागरी कायदा आणि मानवी हक्कांचा कायदा हेही लागू होतात. म्हणजे एखादा देश करारातून बाहेर पडला तरी तो पूर्णतः मोकळा होत नाही. राष्ट्रांनी कठोर दक्षता बाळगली पाहिजे आणि त्यांच्या योजना तापमानवाढ १.५ अंशांपर्यंत रोखण्याच्या उद्दिष्टाला हातभार लावणाऱ्या असल्या पाहिजेत. जीवाश्म इंधनांचे उत्पादन, त्यासाठीचे परवाने व अनुदाने यांबाबत योग्य कृती न करणे हेही बेकायदा कृत्य ठरू शकते, आणि अशा कृत्याची परिणती नुकसानभरपाईत होऊ शकते.

सीमारेषा आणि राष्ट्रत्व

बेटांच्या दृष्टीने अभिमतातील एक भाग विशेष मोलाचा आहे. देशाचे सागरी क्षेत्र किनाऱ्यावरून मोजले जाते. किनारा मागे सरकला तर मासेमारीचे हक्कही आक्रसण्याची भीती होती. एकदा निश्चित केलेल्या सीमारेषा समुद्र चढला म्हणून बदलण्याचे बंधन राष्ट्रांवर नाही, असे न्यायालयाने म्हटले. भूमी नाहीशी झाली म्हणून राष्ट्रत्व आपोआप संपतेच असे नाही, हेही त्याने नोंदवले. ही कल्पना दूरच्या भविष्यातली वाटते. पण तुवालू या सुमारे दहा हजार वस्तीच्या देशाने ऑस्ट्रेलियाशी करार केला असून त्यानुसार दरवर्षी २८० जणांना तिथे स्थायिक होता येते. २०२५ च्या पहिल्याच सोडतीसाठी देशातील बहुसंख्य लोकांची नावे नोंदली गेली.

मर्यादा

या अभिमताने एक टनही कार्बन कमी झालेला नाही. ते अमलात आणणारी यंत्रणा नाही. त्याचा उपयोग होईल तो देशोदेशीच्या न्यायालयांत युक्तिवादाचा आधार म्हणून आणि वाटाघाटींच्या मेजावर. खरी अडचण पुराव्याची आहे. अमुक देशाच्या उत्सर्जनामुळे अमुक गावाची हानी झाली, हा कार्यकारणसंबंध न्यायालयाने अशक्य मानला नाही, पण तो प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे सिद्ध करायचा आहे. त्यासाठी समुद्रपातळीच्या दीर्घकालीन नोंदी, संगणकीय प्रतिमाने आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यांसाठी पैसा लागतो. आणि ज्यांना भरपाई हवी आहे, त्यांच्याकडेच या तिन्ही गोष्टींची सर्वाधिक टंचाई आहे.