चाळिशी लावलेला विद्यार्थी

गेल्या उन्हाळ्यात दिघोरीला एका मास्तरांच्या ओसरीवर बसण्याचा योग आला. मास्तरांचे वय त्रेचाळीस, नाकावर चाळिशी, अर्थशास्त्राचे एम. ए. नोकरी सांभाळून बाहेरून केलेले. आता त्यांना डॉक्टरेटसाठी अर्ज करायचा होता आणि त्यातले मराठी मी पाहून द्यावे, एवढीच विनंती होती. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पोरगी कालेजात चालली, अन् बापाले शिकाची हौस आली!"

मी कागद वाचले. चारांपैकी दीड पान वयाबद्दल माफी मागण्यातच खर्ची पडले होते! ते दीड पान मी तिथेच खोडले आणि त्यांना बाबासाहेब आंबेडकरांची आठवण करून दिली. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते उभे होते व हरले, हे मास्तरांना ठाऊक होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्यांनी सोसलेले मात्र त्यांनी फारसे वाचले नव्हते.

१९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकरांना परतावे लागले. निघताना त्यांनी एक काम शहाणपणाने केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली. सामानातली पुस्तके घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. पुढे १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भाथेना यांच्याकडून कर्ज काढले, आणि १९२० साली, संसारी माणूस असताना, ते पुन्हा लंडनला विद्यार्थी झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२२ मध्ये परीक्षकांपुढे गेला तो आक्षेपांसह परत आला. तोवर पैसे संपत आले होते. मायदेशी येऊन त्यांनी तो सुधारून पाठवला, तेव्हा कुठे १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. पदरात पडली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यातली पुष्कळ मते मान्य नव्हती, तरी ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

आजच्या मास्तरांपुढची अडचण निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच. डी.च्या प्रवेशाला वयाची अट नाही, एम. ए.ला ५५ टक्के गुण असले की बहुतेकांचे भागते. वय आडवे येते ते पैशाच्या दारात. नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधनवृत्तीची मर्यादा ३० वर्षांची, स्त्रियांना व मागासवर्गीयांना आणखी ५ वर्षांची सवलत. म्हणजे पदवीचे दार उघडे आणि कोठीला कुलूप! नोकरी सोडता येत नसेल तर अर्धवेळ संशोधन करता येते, पण त्यासाठी संस्थेचे ना-हरकत पत्र लागते, आणि पाठ्यक्रमापुरती रजा देऊ असे त्यात लिहून द्यावे लागते. प्रबंधाला मुदत सहा वर्षांची. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. मूल लहान, आई-वडील थकलेले, अशा घरात ही वर्षे कशी जातात ते आपणा गृहस्थाश्रमी मंडळींना सांगायला नकोच.

मग मी मास्तरांना विचारले, "पण तुम्हाला शोधायचे आहे तरी काय?" तेव्हा गृहस्थ एकदम खुलले. गावोगावचे तलाव मालगुजारांच्या काळातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आता गाळ कोणी काढायचा, पाळ फुटली तर खर्च कोणाचा, धानाच्या बांधीत पाणी आधी कोणाच्या सोडायचे? मास्तरांचे वडील हे पाणी वाटून देणाऱ्यांपैकी एक. रात्री कंदील घेऊन पाळीवर उभे राहत आणि भांडणे मिटवत. लहानगा मुलगा बरोबर असे. अर्जात यातले एक अक्षरही नव्हते! पंचविशीतला उमेदवार हा विषय पुस्तकात शोधत बसला असता. यांच्या तो अंगणात पडून होता. मी म्हटले, अर्ज इथूनच सुरू करा.

परवा त्यांचा फोन आला. ना-हरकत पत्र हाती आले आहे; आता नेटच्या अभ्यासात गणित अडले आहे. कॅल्क्युलससाठी मुलीचीच शिकवणी लावली आहे, आणि ती फी आगाऊ मागते आहे, असे म्हणत होते.