चौबाऱ्यावरून मदरशाकडे

बिदरला आलेला पाहुणा महमूद गावानच्या मदरशापाशी उतरतो, फोटो काढतो आणि तडक किल्ला गाठतो. चौबारा ते मदरसा हा मधला रस्ता त्याच्या लेखी नुसती वाट. माझं बालपण याच वाटेवर गेलं, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे.

चौबारा म्हणजे जुन्या गावात चार रस्ते मिळतात तिथला गोल बुरूज. उंची 71 फूट, आत 80 पायऱ्यांचा जिना. 15व्या शतकात अहमदशहा बहमनीनं कलबुर्गीहून राजधानी इथं हलवली. बुरुजावरून तेव्हा टेहळणी व्हायची. आम्ही त्यावरचं घड्याळ बघून शाळेकडे धूम ठोकायचो. आई आजीशी मराठीत बोलायची, भाजीवालीशी कन्नडात आणि शेजारच्या चाचांशी दख्खनीत. घासाघीस मात्र तिन्ही भाषांत तितकीच चिवट.

चाचा बिदरीचे कारागीर. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली सुरई ते कानशीनं घासून गुळगुळीत करायचे, मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरती काळी करायचे आणि त्यावर टोकदार कलमानं हातानंच वेल काढायचे. मग खोदकाम. खोदलेल्या रेघेत चांदीची तार बसवून हातोडीनं ठोकली, की ती तिथून हलत नसे. दिवसभर ही टकटक चालायची, ती थांबली की आजी विचारायची, “चाचा जेवायला बसले का गं?” शेवटी किल्ल्यातली माती नवसागरासोबत कालवून भांड्याला चोळायची. सगळं अंग काळंभोर व्हायचं आणि चांदी तेवढी पांढरी राहायची. माती चालेल की नाही, हे चाचा जिभेवर ठेवून ठरवायचे. आम्हीही चाखून पाहिली आणि थुंकलो.

या कलेला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 मध्ये बिदरचेच शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. मान मिळाला, तसे घरोघरी दामही मिळाले असते तर बरं झालं असतं.

पुढं मदरसा. 1472चा. गावान इराणातल्या गिलानचा. बहमनींचा वजीर झाला आणि 1481 मध्ये बनावट पत्रापायी सुलतानानं त्याचा शिरच्छेद करवला. पुढं औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटानं इमारतीचा मोठा भाग कोसळला. दोनपैकी एक मिनार उरला; त्यावरच्या निळ्या फरशा अजून उन्हात चमकतात.

आमच्या आत्याचं सासर उदगीरचं. लग्न झालं तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. 1 नोव्हेंबर 1956ला उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. आत्या जागच्या जागी परराज्यात गेली! आजोबा ते कुणालाही हसत सांगायचे, पण आजी हसल्याचं आठवत नाही.

होळीनंतर सगळी गल्ली अष्टूरला लोटायची. तिथं अहमदशहाच्या घुमटात उरूस भरतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम शंख फुंकत येतो. लिंगायत भाविक अहमदशहाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. आम्हा पोरांचं लक्ष बत्ताशांवर.

बिदरी बघायला जायचं तर शुक्रवारची दुपार टाळा, कारागीर नमाजाला गेलेले असतात. आणि कारखान्यात शिरलात तर नुसतं तयार भांडं बघून परतू नका. खोदकाम करणाऱ्याशेजारी अर्धा तास बसा. मग किंमत फार वाटणार नाही.