केळी पिकविण्याचे नवे तंत्र आणि बागवानांचा धंदा

बागवान म्हणजे फळांचा पारखी. आंब्याची आढी कधी उघडायची, केळीचे घड वखारीत किती दिवस ठेवायचे, हे ज्ञान वडिलांकडून मुलाकडे येत असे. केळीसाठी बंद खोलीत धूर कोंडला की काम होई.

पुढे घाईपोटी कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या आल्या. ओलावा लागला की त्यातून अॅसिटिलीन वायू निघतो. सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंशही येऊ शकतात. साल पिवळी दिसते, पण गर कच्चा व बेचव राहतो. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशी फळे विकण्यास बंदी आहे.

२०१६ मध्ये इथिलीन वायूला परवानगी मिळाली. प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत जास्तीत जास्त १०० भाग. हा वायू पिकणारे फळ स्वतःच सोडते. आढीतल्या पेंढ्याखाली कोंडला जाई तो हाच! नव्या रायपनिंग चेंबरमध्ये केळीसाठी साधारण १६ ते १८ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा राखतात. सुमारे २४ तास इथिलीन दिल्यावर साचलेला कर्बवायू बाहेर काढतात. चार ते सहा दिवसांत सारा माल एकसारखा पिवळा होतो.

येथेच छोट्या व्यापाऱ्याची अडचण आहे. चेंबरला मोठे भांडवल आणि अखंड वीज लागते. जळगावचा हिरवा माल थेट मोठ्या चेंबरवाल्याकडे गेला, तर वखारवाला बागवान फक्त हातगाडीपुरता उरेल.

यावर उपाय आहेत. चार-पाच व्यापाऱ्यांनी भागीदारीत लहान चेंबर उभारावे. फलोत्पादन अभियानात यासाठी कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. तेही जमत नसेल, तर दुसऱ्याच्या चेंबरमध्ये क्रेटमागे भाडे देऊन माल पिकवून घ्यावा, पण विक्री आपल्याच हाती ठेवावी.

लक्षात ठेवा, कोवळा कापलेला घड यंत्रालाही नीट पिकविता येत नाही आणि आपटलेली फणी काळी पडतेच. कोणता माल घ्यावा, हे सांगणारी नजर बागवानाचीच आहे. त्या नजरेला नव्या तंत्राची जोड द्या. धंदा टिकेल आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही.