काडतुसातील दारूचे वजन : माप आणि तराजू

शॉटगनचे झाडलेले काडतूस टाकून न देता त्यात नवी टोपी, दारू, डाट आणि छर्रे भरून ते पुन्हा वापरण्याची चाल अमेरिकेतील हौशी नेमबाजांत बरीच रूढ आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-अधिनियमान्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, म्हणून हा उद्योग येथे फारसा परिचित नाही. तथापि त्यात मापनशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न गुंतलेला आहे. भरणी-यंत्र काडतुसात जी दारू सोडते ती आकारमानाने मोजलेली असते. बंदुकीच्या नळीत जो दाब निर्माण होतो तो मात्र दारूच्या वजनावर अवलंबून असतो. या दोहोंतील अंतर कसे ओळखावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पायलीने धान्य मोजण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा भेद नव्याने सांगण्याची गरज नाही. पायली हलवून भरली तर तीत अधिक धान्य मावते, अलगद भरली तर कमी. बाजरीची पायली आणि भाताची पायली वजनात सारखी भरत नाही. धान्याच्या व्यवहारात या फरकाने थोडेफार नुकसान होते. दारूच्या बाबतीत त्याची किंमत डोळ्याने किंवा हाताने मोजावी लागण्याचा संभव असतो.

या घोटाळ्याचे मूळ इतिहासात आहे. काळ्या दारूच्या काळात भरणी ड्रॅम या परिमाणात सांगत आणि मापट्याने मोजत. एक ड्रॅम म्हणजे पौंडाचा २५६ वा भाग, अर्थात सुमारे २७.३ ग्रेन. पुढे १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली. तिचे थोडके वजनही काळ्या दारूच्या मोठ्या भरणीइतके काम करू लागले. परंतु नेमबाजांची जुनी भाषा सुटली नाही. काडतुसाच्या खोक्यावर आजही ‘३ ड्रॅम समतुल्य’ असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ एवढाच की, ३ ड्रॅम काळी दारू छर्ऱ्यांना जो वेग देईल, तितकाच वेग हे काडतूस देईल. आत ३ ड्रॅम, म्हणजे ८२ ग्रेन, दारू आहे असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. १२ बोअरच्या अशा काडतुसात धूरविरहित दारू बहुधा २० ग्रेनच्या आसपास असते. जुना मापटा घेऊन कोणी तीच भरू लागला, तर बंदूक फुटल्यावाचून राहणार नाही.

आता यंत्राकडे वळू. भरणी-यंत्राच्या सरकत्या पट्टीत ठरावीक पोकळीची एक नळकांडी बसविलेली असते. पट्टी सरकली की वरच्या भांड्यातील दारू तीत भरते आणि खाली काडतुसात पडते. कोणत्या नळकांडीतून किती ग्रेन दारू पडेल याचे कोष्टक यंत्राबरोबर मिळते. परंतु ते मार्गदर्शक असते, प्रमाण नव्हे. दारूचा एक साठा दुसऱ्याहून किंचित दाट किंवा विरळ असू शकतो. भांडे भरलेले असता आणि रिकामे होत आले असता कणांवरील भार सारखा राहत नाही. दांडा जोराने ओढला की कण हादरून दाटीने बसतात, हळू ओढला की सैल राहतात. हवेतील दमटपणा आणि प्लॅस्टिकच्या भागांवर साचणारी स्थिर विद्युत् यांचाही परिणाम होतो. सबब प्रत्यक्ष तोलून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

उदाहरणादाखल नेमलेले वजन १८ ग्रेन आहे असे धरू. (हा आकडा केवळ गणिताच्या सोयीसाठी घेतला आहे, खरा आकडा दारूच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातूनच घ्यावयाचा.) प्रथम काही भरण्या पाडून त्या परत भांड्यात ओताव्यात, म्हणजे दारू स्थिरावते. नंतर नेहमीच्या लयीत दांडा ओढून दहा भरण्या एकत्र तोलाव्यात. त्यांचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर आपला जुना एक तोळा, भरले पाहिजे. एकत्र तोलण्यात मोठा लाभ आहे. तराजूचे शून्य ०.३ ग्रेनने चुकलेले असेल, तर प्रत्येक भरणी वेगळी तोलताना ही चूक दर वेळी पुरतेपणी येते. दहा एकत्र तोलल्यास ती वाटली जाऊन सरासरीत ०.०३ ग्रेनच उरते.

परंतु येथे थांबणे धोक्याचे आहे. समजा, दहा भरण्या सुट्या तोलल्यावर १७.६, १८.३, १८.०, १७.८, १८.४, १७.९, १८.२, १७.७, १८.१ आणि १८.० ग्रेन अशी वजने मिळाली. बेरीज नेमकी १८० आणि सरासरी निर्दोष. तरीही सर्वांत हलकी व सर्वांत जड भरणी यांत ०.८ ग्रेनचे अंतर आहे. बंदूक सरासरी झाडत नाही. ती एका वेळी एकच काडतूस झाडते. म्हणून सरासरीसाठी एकत्र आणि विचलनासाठी सुटे, असे दोन्ही प्रकारे तोलणे अवश्य आहे.

खुद्द तराजूही तपासून घ्यावा लागतो. दांडीचा तराजू सपाट जागी आणि वाऱ्यापासून दूर ठेवावा. विद्युत्-तराजू सुरू केल्यावर काही वेळ तापू द्यावा, कारण तपमानाबरोबर त्याचे शून्य सरकते. शून्य बरोबर असूनही मोजणीचे प्रमाण चुकलेले असू शकते, आणि ही चूक दहा भरण्या एकत्र तोलल्यानेही कमी होत नाही. म्हणून ज्ञात वजन ठेवून पडताळा घ्यावा, आणि ते वजन भरणीच्या वजनाच्या जवळपासचे असावे. ग्रेन आणि ग्रॅम यांतील गल्लत तर कटाक्षाने टाळावी : एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन असतात.

इतक्या काटेकोरपणाचे कारण दारूच्या ज्वलनात आहे. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. हा नियम व्हिएयच्याच नावाने ओळखला जातो. त्यामुळे वजन ज्या प्रमाणात वाढते त्याहून अधिक प्रमाणात दाब वाढतो. अमेरिकेतील शस्त्र-उत्पादकांच्या प्रमाणसंस्थेने १२ बोअरच्या नेहमीच्या, पावणेतीन इंची काडतुसासाठी कमाल सरासरी दाब दर चौरस इंचास ११,५०० पौंड ठरविला आहे. रायफलच्या मानाने ही मर्यादा बरीच खालची आहे, कारण शॉटगनची नळी पातळ असते. उलटपक्षी, दारू फार कमी पडली तर डाट नळीतच अडकून राहते, आणि पुढचा बार त्या अडथळ्यावर आदळून नळी फाटते. म्हणजे चूक कोणत्याही बाजूस झाली तरी अपघाताची शक्यता आहे, आणि तो झाडणाऱ्यापुरताच राहील असे नाही. शेजारी उभा असलेला मनुष्यही त्यात सापडतो.

अर्थात वजन बरोबर आले म्हणजे सर्व काही साधले असे नव्हे. टोपी, डाट किंवा काडतुसाची जात बदलली तर त्याच वजनाला दाब बदलतो. म्हणून कोष्टकातील भरणी जशीच्या तशी घ्यावी लागते. पण या सर्व दक्षतेचा पाया तराजूच होय. दारूचा साठा बदलला, नळकांडी बदलली अथवा नव्या दिवशी काम सुरू केले, तर पहिली भरणी काडतुसात न जाता तराजूच्या पारड्यात गेली पाहिजे. मापावर विश्वास ठेवावा, पण तो तोलून पाहिल्यानंतरच.