बॉनेटखाली मर्सिडीज!

जुनं सेसना १७२ विमान विकायला आहे, किंमत बरी आहे आणि इंजिन डिझेल आहे. इथे जरा थांबावं. युरोपात अशा अनेक सेसनांमधलं मूळ लायकोमिंग इंजिन काढून जर्मनीच्या थीलर्ट कंपनीचं १.७ लिटरचं, १३५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं गेलं. त्याचा गाभा मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीचा. जेट इंधनावर चालतं, पितं कमी. महागडं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, भरणाऱ्याला मोह पडणारच.

खरा हिशेब पुढे आहे. हे इंजिन ठरावीक तास भरले की उघडून दुरुस्त करत नाहीत, अख्खं बदलतात. प्रोपेलरचा वेग उतरवणारा गिअरबॉक्स तर ३०० तासांनीच काढून तपासणीला पाठवायचा. त्यामुळे लॉगबुकात इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तास वेगवेगळे बघावेत. विक्रेता बहुधा पहिलाच आकडा सांगतो!

२००८ साली थीलर्ट दिवाळखोरीत गेली, वॉरंट्या बुडाल्या, सुटे भाग महागले. २०१३ मध्ये चिनी मालकीच्या कॉन्टिनेंटल या इंजिन कंपनीच्या छत्राखाली हा व्यवसाय आला आणि इंजिनांना वाली मिळाला.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको. इंजिनाचा कारभार संगणकाकडे, आणि संगणकाला वीज लागते. २००७ मध्ये जर्मनीतल्या श्पायरला थीलर्टचीच दोन इंजिनं असलेलं, बॅटरी उतरलेलं एक डायमंड डीए-४२ विमान बाहेरच्या विजेवर सुरू करून उडवलं. चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं आणि दोन्ही इंजिनं बंद झाली.

इंजिन बदलाचं प्रमाणपत्र आणि वजनाचा नवा तक्ता मागून घ्यावा. शिवाय या इंजिनावर काम केलेला मेकॅनिक किती अंतरावर आहे, तेही विचारावं.