लातूरहून नांदेड, हवेतून

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेड गाठायचं तर साधारण 140 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर भरतं जेमतेम 115. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या छोट्या विमानाला हा चौदा मिनिटांचा खेळ! पण विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाणार, उंची गाठणार, आणि गाठली न गाठली तोच उतरू लागणार. तो पूर्ण वेग त्याला मिळायचाच नाही. म्हणून इतक्या जवळ विमान नेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

नांदेड-मुंबईचं गणित वेगळं. सरळ अंतर सुमारे 470 किलोमीटर, म्हणजे लंडन-पॅरिसपेक्षाही शंभरेक किलोमीटर जास्त. जेटच्या ताशी 800 च्या वेगाने 35 मिनिटं पुरावीत, पण वेळापत्रकात तास-सव्वा तास धरतात. त्यात जमिनीवरचं रांगणं, चढ-उतार आणि मुंबईच्या आभाळात घिरट्या घालत नंबराची वाट पाहणं, सगळं आलं.

गंमत म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, 19 अंशांच्या किंचित वर. रेखांशांत फरक साडेचार अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटं. त्यामुळे नांदेडला उगवलेला सूर्य मुंबईत दिसायला 18 मिनिटं लागतात.