माडाला पांघरूण, पण बेताने

अंबडला घर बांधले तेव्हा सासूबाईंनी रत्नागिरीहून नारळाचे रोप आणून अंगणात लावले. कोकणातला माड नाशिकच्या कोरड्या उन्हात तगावा, म्हणून मी लाकडाच्या वखारीतून दोन पोती ताजा भुसा आणला आणि बुंध्याभोवती हातभर ढीग रचला. पावसाळा सरता सरता झावळ्या पिवळ्या पडल्या. ढीग उपसला, तर बुंधा मऊ लागला आणि भुशात जाड पांढऱ्या अळ्या. पुढे कोंब हातातच आला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, पांघरूण पायावर घालायचं, गळ्याशी नाही आवळायचं."

आच्छादन वाईट नव्हते, माझी पद्धत चुकली होती. नारळ, सुपारी, शोभेचे पाम यांना सोटमूळ नसते. दोरीसारखी असंख्य मुळे असतात आणि त्यांतली बरीचशी जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. ऊन तापले की आधी हाच थर वाळतो. म्हणून आच्छादन हवे ते मुळांवर. आंब्याच्या खोडावरची जखम नव्या सालीने भरून येते, पामची भरत नाही. शिवाय प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की खोड गेले.

आता मी असे करते. आळ्यातले तण हातानेच उपटते, म्हणजे बुंध्याला खुरपे लागत नाही. भरपूर पाणी देऊन, वाफसा आल्यावर पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा झावळ्यांचे तुकडे तीन-चार इंच जाडीने पसरते. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवते. नारळाची सोडणे मिळाली तर पाठ वर करून मांडते, म्हणजे वाटीत पाणी साचून डास होत नाहीत. ताजा भुसा टाळते, कारण तो कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो. खत घालताना आच्छादन बाजूला सारून मातीतच घालते.

महिन्यातून एकदा ते उकरून पाहावे. कुजक्या ढिगात गेंड्या भुंग्याची अळी वाढते, आणि भुंगा कोंब पोखरतो. मग नवे पान उलगडते ते कात्रीने कापल्यासारखे. वाळवीही दिसली तर वेळीच कळते. पाणी देण्याआधी आच्छादनाखाली बोट घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

दुसरे रोप सासूबाईंनीच लावले. त्याचे आळे आम्ही दोघींनी मिळून भरले, वीतभर जागा सोडून.